डिसेंबर २०१८ची मुदत : पोटगी, करवजावट आणि न्यू जर्सीतल्या एका जोडप्याचा हिशोब

हे प्रकरण न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात आणले आहेत. कराची गणितं मात्र त्या वेळच्या तक्त्यांनुसारच आहेत. दोघांनी मिळून नेमलेला कर सल्लागार म्हणून मी या प्रकरणात होतो. मी कुठल्याच बाजूचा वकील नव्हतो.

पार्श्वभूमी

लग्नाला पंधरा वर्षं झालेली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पगार वर्षाला २,१०,००० डॉलर. बायको एका औषधाच्या दुकानात अर्धवेळ कामाला, मिळकत २६,०००. मुलं दोन, मोठा बारा वर्षांचा आणि धाकटी नऊ वर्षांची. मिडलसेक्स काउंटीत घर, त्यात कर्ज वजा जाता २,४०,००० डॉलरचं भांडवल. नवऱ्याच्या ४०१-के खात्यात, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्तीच्या खात्यात, लग्नानंतर साठलेले ४,३०,०००. दोघंही नागरिक, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. घटस्फोटात बायकोचा, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला, एच-४ व्हिसा जाण्याची भीती ज्यांना असते त्यांचं प्रकरण याहून बरंच अवघड होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये नवरा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेला. भांडणं फारशी नव्हती, संसार नुसता विझत गेला होता. मुलं आईकडे राहतील आणि आठवड्याचे दोन दिवस बाबांकडे जातील, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलांच्या खर्चासाठी द्यायचे पैसे, राज्याच्या तक्त्यानुसार निघतो, त्यावरही वाद झाला नाही. अडलं ते पोटगीवर.

कायद्यात काय बदललं

अमेरिकेत १९४२ पासून पोटगीचा नियम सरळ होता. देणाऱ्याला ती रक्कम उत्पन्नातून वजा करता यायची आणि घेणाऱ्याला तिच्यावर कर भरावा लागायचा. देणारा साधारणपणे कराच्या वरच्या टप्प्यात असतो आणि घेणारी खालच्या, त्यामुळे दोघांचा मिळून कर कमी व्हायचा. सरकारला हे खुपत होतंच. त्यातून हिशोबही जुळत नसत. अर्थखात्याच्या कर महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात २०१० सालच्या पोटगी वजावटीच्या ४७ टक्के विवरणपत्रांत देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकडा वेगळा निघाला होता.

२२ डिसेंबर २०१७ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या करकायद्याने हा नियम मोडीत काढला. ३१ डिसेंबर २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटाच्या किंवा विभक्ततेच्या करारांना वजावट नाही आणि घेणाऱ्यावर करही नाही. त्या कायद्यातल्या वैयक्तिक कराच्या बऱ्याच तरतुदींना २०२५ची मुदत होती, हा बदल मात्र कायमचा होता. जुने करार जुन्याच नियमाखाली राहिले. ते पुढे बदलले आणि बदलात ‘नवा कायदा लागू’ असं स्पष्ट लिहिलं, तरच नवा नियम लागतो.

म्हणजे जोडप्यांना तयारीसाठी अख्खं वर्ष मिळालं होतं. आमची पहिली बैठक ऑक्टोबरात झाली.

अडचण

नवऱ्याच्या वकिलाने पहिल्याच पत्रात महिना ४,००० डॉलर देऊ केले. अट एकच, करार ३१ डिसेंबरच्या आत व्हायला हवा. तो हुकला तर महिना २,७७०. कारण वजावट गेल्यावर नवऱ्याच्या खिशातून वर्षाला तितकेच पैसे जावेत, असं त्यांचं म्हणणं. हा हिशोब बरोबर होता. वर्षाचे ४८,००० वजा केल्यावर नवऱ्याचा केंद्रीय कर १४,७६० ने कमी होत होता, म्हणजे खरा खर्च ३३,२४०. त्याला बाराने भागलं की २,७७०.

बायकोला ते धमकीसारखं वाटलं. तिचा दादा पुण्यात सीए. त्याने फोनवर सांगितलं, ‘महिन्याचं काही घेऊच नकोस, एकरकमी घे, त्यावर टॅक्स लागत नाही.’ भारतापुरतं त्याचं म्हणणं खरंच होतं. महेश्वरी देवींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तोच फरक केला आहे : दरमहाची पोटगी म्हणजे उत्पन्न, एकरकमी पोटगी ही भांडवली जमा. अमेरिकेत मोजणी वेगळी. इथे एकरकमी रक्कम मालमत्तेची वाटणी म्हणून दिली तर देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला कर नाही. तीच पोटगी म्हणून पहिल्या वर्षी भरभरून दिली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आटली, तर जुन्या कायद्यात घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरली जायची. दादांना मी हे व्हिडिओ कॉलवर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुढच्या प्रत्येक बैठकीआधी बहिणीकडून आकडे मागवून घेतले. मला त्याचा फायदाच झाला, कारण माझी बेरीज तपासायला आणखी एक माणूस मिळाला.

समोर होते ते पर्याय

पहिला : डिसेंबरात सही, महिना ४,०००, जुना नियम. दुसरा : जानेवारीत सही, महिना २,७७०, नवा नियम. तिसरा : पोटगी नाममात्र ठेवून घर आणि ४०१-के मधला मोठा वाटा बायकोला देणं. चौथा, दादांचा एकरकमी, रोख पैसे नसल्यामुळे तिथेच संपला. तिसऱ्याला बायकोने नकार दिला. निवृत्तीच्या खात्यातल्या पैशांनी किराणा भरता येत नाही, असं ती म्हणाली, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

उरले पहिले दोन. त्यांच्यात निवड करायची तर दोघांच्याही वकिलांनी फक्त कराचे टप्पे पाहिले होते. नवऱ्याचे १४,७६० वाचतात, बायकोवर सहा हजारांच्या आसपास कर लागतो, म्हणजे दोघांत मिळून साडेआठ हजार वाचतात, तेव्हा डिसेंबर गाठा. त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक वकिलाच्या पत्रात असंच गणित असायचं.

पूर्ण विवरणपत्र मांडल्यावर

मी दोघांची विवरणपत्रं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा भरून पाहिली, एकदा जुन्या नियमाने आणि एकदा नव्याने. बायकोच्या कागदावर चित्र पालटलं.

२६,००० पगार आणि दोन मुलं असलेल्या आईला अर्न्ड इन्कम क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या नोकरदारांसाठीची करसवलत, मिळतं. २०१८च्या तक्त्यानुसार ते सुमारे ४,१७० डॉलर होतं. नव्या नियमात पोटगी उत्पन्नात धरलीच जात नाही, त्यामुळे हे क्रेडिट शाबूत राहतं. जुन्या नियमात ४८,००० उत्पन्नात येतात आणि क्रेडिट पूर्ण जातं. प्रत्यक्ष कर ६,०६८ ने वाढतो, चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या करसवलतीत, चारशे परत मिळतात. सगळं धरून जुन्या नियमाचा तिला फटका ९,८३८ डॉलरचा. साडेआठ हजारांचा ‘फायदा’ इथेच पाच हजारांच्या खाली आला.

मग आरोग्य विमा. घटस्फोटानंतर ती नवऱ्याच्या कंपनीच्या योजनेतून बाहेर पडणार, मुलं आत राहणार. तिघांच्या कुटुंबासाठी २०१८ची दारिद्र्यरेषा २०,७८० डॉलर होती. न्यू जर्सीत त्या रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २८,६७६ पर्यंत उत्पन्न असेल तर प्रौढांनाही फॅमिलीकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळत होता. पोटगी उत्पन्नात नसेल तर ती २६,००० वर त्यात बसते. पोटगी आत आली की ७४,००० होतात आणि विमा बाजारभावाने घ्यावा लागतो. तिने विचारलेल्या योजनेचा हप्ता महिना चारशे, म्हणजे वर्षाला ४,८००.

४८,००० मधून ९,८३८ आणि ४,८०० गेले की हातात ३३,३६२ राहतात. दुसऱ्या पर्यायात ३३,२४०. फरक वर्षाला १२२ डॉलर.

हे वाचल्यावर नवऱ्याच्या वकिलाने पाच मिनिटं काही लिहिलंच नाही. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न मात्र रास्त होता : ‘ही बाई आठ वर्षं २६,००० वरच राहणार आहे का?’

राहणार नव्हती. ती मेडिकल कोडिंगचा कोर्स करत होती. दोन-अडीच वर्षांत पूर्णवेळ नोकरी, विमा आणि साठ हजारांच्या आसपास पगार, असा तिचा अंदाज होता. तो धरून पुन्हा मांडलं तर क्रेडिट आणि फॅमिलीकेअर दोन्ही तशीही जाणार होती, आणि मग जुना नियम दोघांना मिळून वर्षाला ५,०३० डॉलरने बरा पडत होता. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं फायदा शून्य, नंतरची पाच-साडेपाच वर्षं खरा. न्यू जर्सीच्या २०१४च्या सुधारणेनंतर वीस वर्षांपेक्षा कमी लग्नात पोटगीची मुदत सहसा लग्नाच्या लांबीपेक्षा जास्त असत नाही. इथे बोलणी आठ वर्षांवर आली होती.

मला स्वतःला फॅमिलीकेअरचा पर्याय नकोसा वाटत होता. तो टिकवायचा तर मिळकत २८,००० च्या आत दाबून ठेवावी लागते, आणि घटस्फोटानंतर पायावर उभं राहू पाहणाऱ्या बाईला कराच्या तक्त्याने कमी कमवायला लावणं मला पटत नाही. तिला मी तसं सांगितलंही. ठरवायचं मात्र तिनेच.

निर्णय आणि कृती

तिने डिसेंबर निवडला, पण तिच्या अटीवर. विम्याचा खड्डा नवऱ्याने भरायचा. कोब्रा कायद्याखाली घटस्फोटित जोडीदाराला ३६ महिने आधीच्याच योजनेत राहता येतं, हप्ता मात्र पूर्ण स्वतःचा. तो महिना ५९० होता. करारात लिहिलं असेल तर नवऱ्याने विमा कंपनीला थेट भरलेला हप्ताही जुन्या नियमात पोटगीच धरला जायचा. त्यामुळे रक्कम महिना ३,८०० आणि वर कोब्राचा हप्ता, तिला नोकरीतून विमा मिळेपर्यंत किंवा ३६ महिने, असं ठरलं. नवऱ्याला पहिल्या काळात वर्षाला साडेतीन हजार जास्त पडणार होते आणि नंतर अठराशे कमी. बायकोला दुसऱ्या पर्यायापेक्षा सुरुवातीला दीड हजार आणि नंतर तीन हजारांच्या वर जास्त. दोघांनी मान डोलावली.

पुढचा पेच तारखेचा होता, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. नवऱ्याच्या वकिलांना न्यायालयाचा हुकूमनामा डिसेंबरातच हवा होता. पण करासाठी वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही विवाहित आहात की नाही, त्यावर अख्खं वर्ष ठरतं. ३१ डिसेंबरच्या आत घटस्फोट झाला तर २०१८चं संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही. संयुक्त भरलं तर कर ३५,४५९ येत होता. वेगळं भरलं तर बायकोला सगळी क्रेडिट मिळतील असं धरूनही दोघांच्या मिळून कराच्या या आकड्यात आणखी अडीच हजारांहून जास्त भर पडत होती. कायद्यात शब्द ‘करार’ होता आणि त्याच्या व्याख्येत लेखी विभक्तता करारही बसत होता. बायकोच्या वकीलबाईंनी हे नेमकं धरलं : बंधनकारक करारावर डिसेंबरात सही करू, हुकूमनामा जानेवारीत घेऊ. नवऱ्याचे वकील आठवडाभर अडून बसले. शेवटी करार हुकूमनाम्यावर अवलंबून नाही आणि पैसे १ जानेवारीपासून सुरू, अशी दोन वाक्यं घातल्यावर ते तयार झाले. सही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, हुकूमनामा जानेवारी २०१९ मध्ये मिळाला आणि त्यात करार एक अक्षरही न बदलता सामावून घेतला गेला.

मसुद्यात एक कलम होतं ते इथे सविस्तर सांगतो, कारण असं कलम मी इतर मसुद्यांतही पाहिलं आहे. ‘मोठा मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर पोटगी ३,८०० वरून ३,००० होईल.’ वाचायला अगदी साधं. जुन्या नियमात मुलाच्या वयाशी बांधलेली कपात म्हणजे तेवढी रक्कम पहिल्या दिवसापासून चाइल्ड सपोर्टच होती असं धरलं जातं, आणि चाइल्ड सपोर्टला वजावट कधीच नव्हती. म्हणजे महिन्याचे ८०० डॉलर वजावटीतून गेले असते. हे सांगितल्यावर वकिलांनी वय काढून ३० जून २०२४ ही तारीख घातली. मुलगा मार्च २०२४ मध्ये अठराचा होणार होता. वाढदिवसाच्या आधी किंवा नंतर सहा महिन्यांत कपात आली तरी तोच समज लागू होतो, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग तारीख ३१ डिसेंबर २०२४ झाली. घेणारीच्या मृत्यूनंतर पोटगी थांबेल हे वाक्यही मसुद्यात राहून गेलं होतं, तेही घातलं.

मालमत्तेची वाटणी एका संध्याकाळी उरकली. घर बायकोकडे. घरातल्या नवऱ्याच्या अर्ध्या वाट्याच्या, म्हणजे १,२०,००० च्या बदल्यात त्याने ४०१-के मधले तिचे १,२०,००० ठेवले आणि तिचे उरलेले ९५,००० न्यायालयाच्या आदेशाने तिच्या खात्यात वळवले.

पुढे काय झालं

पोटगीतून कर कापला जात नाही, तो दर तिमाहीला स्वतः भरावा लागतो. बायकोची एप्रिल २०१९ची पहिली तारीख चुकली, जूनमध्ये तिने दुप्पट भरलं. किरकोळ दंड बसला. त्यानंतर तिने वेगळं बचत खातं उघडलं आणि आलेल्या पोटगीतला पाचवा हिस्सा त्याच दिवशी तिकडे टाकायला सुरुवात केली.

२०२१च्या उन्हाळ्यात तिला एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात पूर्णवेळ नोकरी लागली, विम्यासकट. कोब्राचे हप्ते तिसाव्या महिन्यात थांबले. अंदाज जवळजवळ जुळला, हे नशीबच म्हणायचं, कारण मधे कोविडचं वर्ष गेलं होतं.

२०२२च्या अखेरीस नवऱ्याची नोकरी गेली. नवी मिळाली ती १,२०,००० वर. २०२३च्या सुरुवातीला पोटगी २,६०० वर आणायचं दोघांनी बोलून ठरवलं आणि नवऱ्याच्या नव्या वकिलाने दुरुस्तीचा मसुदा पाठवला. त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती : या दुरुस्तीला २०१७चा करकायदा लागू राहील. कुणी मुद्दाम घातलेली नव्हती, नव्या करारांच्या साच्यातून तशीच आली होती. तिच्यावर सही झाली असती तर वजावट कायमची गेली असती, परतीची वाट नाही.

ती ओळ काढण्याआधी आम्ही पुन्हा मांडणी केली. ठेवावी का, हाही प्रश्न होताच. नवऱ्याचं उत्पन्न घटल्याने दोघांच्या टप्प्यांतलं अंतर कमी झालं होतं आणि जुन्या नियमाचा एकत्रित फायदा वर्षाला सव्वादोन हजारांवर आला होता. बायको म्हणाली, तिमाहीची कटकट जाणार असेल तर मी तेवढ्यावर पाणी सोडते. नवऱ्याला वर्षभरात पगार वाढण्याची आशा होती. शेवटी ओळ काढली, त्याच्या बदल्यात तिच्या तिमाही करासाठी त्याने महिना ५० डॉलर जास्त द्यायचे ठरले. तशी दुरुस्ती झाली, डिसेंबर २०२४ची कपात वगळली गेली आणि शेवटचा हप्ता डिसेंबर २०२६चा राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीत बसले असते तर बरंच निवांत झालं असतं, हे उघड आहे. पण मुदतीच्या धावपळीचा खरा भुर्दंड पोटगीत नव्हता, त्या एका संध्याकाळच्या वाटणीत होता.

घरातले १,२०,००० आणि ४०१-के मधले १,२०,००० समान धरले गेले. बायकोला मिळालेल्या घरावर, ते राहतं घर म्हणून विकताना, २,५०,००० पर्यंतचा नफा करमुक्त असतो. तिचा नफा त्याच्या बराच आत बसत होता. ४०१-के मधला प्रत्येक डॉलर मात्र काढताना उत्पन्न म्हणून मोजला जातो. निवृत्तीच्या वेळी २२ टक्के धरले तरी नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या रकमेवर २६,४०० कर आहे. तो वीस वर्षांनी भरायचा, म्हणून आजच्या किमतीत कमी, पण शून्य नाही. याउलट आठ वर्षांच्या वजावटीतून त्याच्या स्वतःच्या हातात किती पडलं? मुळात २,७७० हा आकडाच त्याचा खर्च तेवढाच राहावा म्हणून काढलेला. फायद्याचा बराचसा भाग जास्त पोटगीच्या रूपाने बायकोकडे गेला. म्हणजे ज्याने मुदतीचा धोशा लावला त्याच्याच पदरात सगळ्यात कमी पडलं. ही अदलाबदल मी त्या संध्याकाळी लेखी नोंदवली होती. घड्याळात साडेनऊ वाजले होते, आणि त्याने ‘जाऊ दे, मुलांचं घर आहे’ म्हणून सही केली. त्यात उदारता किती आणि थकवा किती, ते मी सांगू शकत नाही. आठवडाभराने विचारलं असतं तर कदाचित उत्तर तेच आलं असतं, पण विचारायला आठवडा उरला नव्हता.

दुसरी गोष्ट राज्याच्या कराची. न्यू जर्सीने केंद्राचा बदल उचललेला नाही. करार डिसेंबरातला असो की जानेवारीतला, राज्याच्या विवरणपत्रात देणाऱ्याला वजावट आहे आणि घेणाऱ्याला कर. नवऱ्याच्या ६.३७ टक्क्यांनी ४८,००० वर ३,०५८ डॉलर वाचत होते आणि दोन्ही वकिलांच्या तुलनेत ते कुठेच नव्हते. या जोडप्याचं त्याने बिघडलं नाही. पण २०१९ नंतर सही केलेल्यांपैकी काहींची विवरणपत्रं माझ्याकडे येतात, त्यांत केंद्राच्या अर्जात रकाना नाही म्हणून राज्याचाही रिकामा सोडलेला असतो. असा परतावा तीन वर्षांच्या आत सुधारित विवरणपत्र भरून मागता येतो.